चिंचोके, वही आणि दोन पाने: खान्देशातल्या नवख्यांसाठी होल्डेमची वाट

खान्देशात पत्ते कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की निंबाला झोके बांधले जातात, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि पुरुष मंडळी ओट्यावर नाहीतर मळ्यात कॅट घेऊन बसतात. मीही तीन पत्ती तशीच शिकलो, सहावीत असताना, मामाच्या मांडीला मांडी लावून. त्यामुळे पोकरचा नो-लिमिट होल्डेम हा प्रकार शिकायला घेतला तेव्हा वाटलं, निम्मं तर आपल्याला येतंच. प्रत्यक्षात ते निम्मं आधी विसरावं लागलं. गेली काही वर्षं आम्ही सहा जण दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसतो. त्यातून जे हाती लागलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे.

आधी पैशाचं. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथे खेळायला बसणं हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि आखाजीची परंपरा सांगून ते माफ होत नाहीत. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच म्हणेन, कारण माझ्या जवळच्या नात्यातल्या एकाने आखाजीच्या तीन रात्रींत कापसाचे आलेले सगळे पैसे घालवलेले मी पाहिलेत. तिसऱ्या रात्री तो पत्ते खेळतच नव्हता, फक्त तोटा भरून काढायला बघत होता. शिकणाऱ्या माणसाला आपली चूक शांतपणे बघता आली पाहिजे, आणि पैसा मध्ये आला की तेच होत नाही.

म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. एक चिंचोका म्हणजे एक, शिंप्याकडून आणलेलं कोटाचं मोठं बटण म्हणजे दहा. प्रत्येकाला सुरुवातीला २००, त्यात ५० चिंचोके आणि १५ बटणं. डाव सुरू करायला दोघांनी सक्तीने टाकायचे ते ब्लाइंड: स्मॉल ब्लाइंड १, बिग ब्लाइंड २. म्हणजे प्रत्येकाजवळ १०० बिग ब्लाइंड होतात, आणि पुस्तकांतली बरीच उदाहरणं याच मापाची असल्याने ती तशीच्या तशी ताडून बघता येतात.

यावर सगळे एकच शंका काढतात: चिंचोक्यांना किंमत नाही, मग लोक काहीही पान घेऊन शेवटपर्यंत बसतील. बरोबर आहे, पहिले दोन रविवार आमचंही तसंच झालं. मग एक नियम केला. २०० संपले की त्या रात्री पुन्हा मिळणार नाहीत. तो माणूस उरलेला वेळ फक्त पत्ते पिसणार आणि वाटणार. तिसऱ्या रविवारी सगळ्यांचे हात आपोआप आखडले. दोन तास दुसऱ्यांना पाने वाटत बसणं काय असतं, ते एकदा अनुभवलं की दुसऱ्यांदा माणूस विचार करूनच चिंचोके पुढे सरकवतो. महिनाअखेरीला बेरजेत सगळ्यात खाली असेल त्याने भरीत-पुऱ्यांच्या बेताची भांडी घासायची, एवढंच.

तीन पत्ती डोक्यातून काढा

होल्डेमचा डाव थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये आधी तीन पाने उघडतात, तो फ्लॉप; मग चौथं, टर्न; मग पाचवं, रिव्हर. दोन पाने हातात आल्यावर आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर, अशा चार वेळा बोली होते. शेवटी आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सगळ्यात भारी पाच पाने धरायची. नो-लिमिट म्हणजे आपल्या पाळीला स्वतःजवळचे सगळे चिंचोके एका दमात लावायची मुभा.

इथे आपल्याकडचा माणूस पहिली ठेच खातो ती क्रमवारीत. तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पाने) कलरपेक्षा (सगळी बदाम किंवा सगळी किल्वर अशी एकाच रंगाची पाने) मोठा. होल्डेममध्ये उलट, कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. हा कुणाचा लहरी नियम नाही, सरळ मोजणी आहे. ५२ पानांतून तीन पाने काढण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून मोठा. पाच पानांत साधे सिक्वेन्स १०,२०० होतात आणि कलर ५,१०८, म्हणजे तिथे कलर दुर्मिळ. ही मोजणी एकदा समजून घेतली की क्रमवारी पाठ करावी लागत नाही: जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी, एकाच रंगाचा सिक्वेन्स.

दुसरी सवय जास्त चिवट आहे. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणारा निम्म्या चालीत पुढे जातो, त्यात मर्दुमकी असते, लोक वाहवा करतात. होल्डेममधला ब्लाइंड हा फक्त पॉट, म्हणजे मधली रास, सुरू करायला दोघांनी सक्तीने टाकलेला हप्ता आहे. त्यात शौर्य नाही, आणि टाकला म्हणून तो वाचवायच्या मागेही लागायचं नाही.

तिसरी सवय "शो"ची. समोरच्याकडे काय आहे ते बघितल्याशिवाय आपल्या माणसाला झोप येत नाही. ती पाने बघायला दर वेळी चिंचोके मोजावे लागतात, आणि रात्रीचा हिशोब काढला तर निम्मा तोटा याच कुतूहलाचा असतो.

दोन पानांची निवड, आणि बसण्याची जागा

पहिले चार आठवडे एवढ्याच गोष्टीवर काम करा. दोन पानांच्या १,३२६ जोड्या होऊ शकतात आणि त्यांतल्या बहुतेक पॅक करायच्या, म्हणजे डाव सोडून टाकायच्या, लायकीच्या असतात. आपल्या हातातली दोन पाने सारखी नसतील तर फ्लॉपवर निदान एक जोडी जमण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनातल्या दोन वेळा फ्लॉप कोरडाच जातो. हे मनाशी पक्कं झालं की "राजा आहे ना हातात, बघू तर खरं" हे बोलणं थांबतं.

सहा जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर मी नवख्याला एवढंच खेळायला सांगतो: सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम, एकाच रंगाचे एक्का-दश्शी आणि राजा-राणी. बाकी सगळं पॅक. शेवटच्या जागेवर, म्हणजे डीलर बटणावर (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण; दहाचं बटण नव्हे), याच्या दुप्पट-अडीचपट पाने चालतात: सगळ्या जोड्या, कुठलाही एक्का त्याच रंगाच्या सोबत्याबरोबर, एकाच रंगाची लागोपाठची नव्वी-अठ्ठीसारखी पाने. एवढा फरक का, तर फ्लॉपनंतर बटणावरचा माणूस प्रत्येक फेरीत सगळ्यांचं ऐकून मग बोलतो. बाजार समितीच्या लिलावात बाकीच्यांचे आकडे ऐकून मग तोंड उघडणारा व्यापारी जसा वरचढ ठरतो, तसंच.

आणि पाने खेळण्यालायक असतील, अजून कुणी वाढवलं नसेल, तर नुसते दोन चिंचोके टाकून आत शिरू नका. वाढवून शिरा, सहापर्यंत. वाढवायची हिंमत होत नसेल तर बहुतेक वेळा ती पाने पॅक करण्याचीच असतात.

पुस्तक कसं वाचायचं

नवख्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार पुस्तकं एकदम आणणं. एक घ्या. मी डॅन हॅरिंग्टन यांच्या होल्डेमवरच्या मालिकेचा २००४ चा पहिला खंड सुचवेन. हॅरिंग्टन १९९५ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेले खेळाडू. त्यांच्या पुस्तकाचा गुण असा की प्रकरणाच्या शेवटी डावांची उदाहरणं सोडवायला दिलेली आहेत. पाने कोणती, जागा कोणती, आधी कोण काय बोललं, हे सांगून विचारतात: तुम्ही काय कराल? उत्तर लगेच खाली असतं, म्हणून तिथे पोस्टकार्ड ठेवून झाका. आपलं उत्तर कारणासकट पेन्सिलने लिहा, मगच कार्ड खाली सरकवा. नुसतं वाचत गेलं की सगळं पटतं आणि काहीच शिकलं जात नाही. पुस्तक स्पर्धेसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे ब्लाइंड वाढत जाण्याचा भाग सध्या बाजूला ठेवला तरी चालेल.

डेव्हिड स्क्लान्स्की यांचं पोकरच्या सिद्धांतावरचं पुस्तक हे दुसरं, पण सहा महिन्यांनी. त्यातली बरीच उदाहरणं होल्डेमची नाहीत, दुसऱ्या प्रकारच्या पोकरची आहेत, आणि नवखा तिथे अडखळतो. पण त्याचा गाभा मात्र मोलाचा आहे: समोरच्याची पाने दिसत असती तर तुम्ही जे केलं असतं, त्यापेक्षा वेगळं जेव्हा जेव्हा करता, तेव्हा त्याचा फायदा होतो; आणि तो तसं करतो तेव्हा तुमचा.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. आमच्यातल्या दोघांना इंग्रजी जड जातं, म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. दर आठवड्याला एकाने एक प्रकरण वाचायचं आणि रविवारी खेळ सुरू होण्याआधी बाकीच्यांना सांगायचं, मराठीत नाहीतर अहिराणीत. पंधरा मिनिटं. अहिराणीत समजावून सांगता आलं नाही तर समजलेलं नाही, हे आम्हाला तिथेच कळतं. एक सावधगिरी: जुन्या पुस्तकांतले बोलीचे आकडे आज थोडे बदललेत, सुरुवातीची वाढ आता बऱ्याच ठिकाणी लहान करतात. विचार करायची रीत घ्या, आकडे जसेच्या तसे नकोत.

गणित, आणि एक डाव जवळून

गणित चौथीचं आहे. आपला हात पूर्ण करणारी किती पाने उरली ते मोजा. एकच पान यायचं असेल तर त्या संख्येला दोनने गुणा, ती अंदाजे टक्केवारी. फ्लॉपवर असाल आणि पुढे काही न भरता दोन्ही पाने बघायला मिळणार असतील तर चारने. कलरला एक पान कमी असेल तर ९ पाने उरतात: १८ टक्के, किंवा ३६ टक्के. खरे आकडे १९ आणि ३५, अंदाज पुरेसा जवळ आहे. नवखे चारचा गुणाकार सर्रास करतात. पुढच्या फेरीला पुन्हा भरावं लागणार असेल तर तो चुकीचा आहे.

आता माझाच एक डाव. मी बटणावर, हातात बदाम राजा आणि बदाम गुलाम. पहिल्या जागेवरून आप्पांनी सहापर्यंत वाढवलं. आप्पा आमच्यात सगळ्यात वडील, केळीचे बागायतदार, फार जपून खेळणारे. मी सहा टाकले, बाकी सगळे पॅक. पॉटमध्ये १५. फ्लॉप आला: किल्वर एक्का, बदाम नव्वी, बदाम चौकी. आप्पांनी दहा लावले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. पॉट ३५. टर्नला चौकट सत्ती. आप्पांनी न थांबता तीन बटणं पुढे ढकलली, तीस. मी पुन्हा कॉल. रिव्हरला बदाम दुर्री. माझा कलर झाला. आप्पांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी साठ लावले. त्यांनी मधल्या तीन बदामांकडे बघितलं, हातातले एक्का-राजा उघडे टाकले आणि म्हणाले, "घे भाऊ, तुझं." सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या रात्री वहीत हा डाव लिहायला बसलो. टर्नला मला तीस भरायचे होते आणि मध्ये पॉट व आप्पांचे तीस मिळून ६५ होते. न दिसलेली पाने ४६, त्यांत बदामाची ९. म्हणजे ४६ पैकी ३७ वेळा माझे तीस जाणार होते. ३० ला ३७ ने गुणा, ९ ने भागा: साधारण १२३. जिंकेन त्या वेळी मला सरासरी १२३ मिळायला हवे होते, तरच तो कॉल तोट्याचा नाही. समोर होते ६५. उरलेले ५८ रिव्हरला आप्पांकडून यायला हवे होते. आणि आप्पा, मध्ये तीन बदाम दिसत असताना, एका जोडीवर ५८ देणारे नाहीत. त्यांनी एक चिंचोकाही दिला नाही. टर्नचा तो कॉल चुकीचा होता आणि मी ९५ चा पॉट जिंकलो होतो. शेजारी लाल पेनने फुली मारली. वहीतल्या इतक्या फुल्यांपैकी हीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

फ्लॉपचा कॉल मात्र मी फुलीत धरला नाही. तिथे दहा भरून २५ समोर होते, दोघांजवळही भरपूर चिंचोके शिल्लक होते, आणि सुरुवातीला वाढवणारा माणूस टर्नला बऱ्याचदा नुसतं चेक करतो. तिथे दुमत होऊ शकतं. आमच्यात अजून आहे.

याच डावात दुसरा धडा आहे, समोरच्याची पाने अदमासायचा. नवखा म्हणतो, "त्याच्याकडे एक्का-राजाच आहे." एकच अंदाज धरून बसू नका, सगळ्या शक्यता मोजा. एक्का-राजाच्या एरवी १६ जोड्या होतात. इथे एक एक्का मध्ये उघडा आणि एक राजा माझ्या हातात, म्हणून तीन एक्के गुणिले तीन राजे, नऊच उरल्या. एक्का-राणीच्या मात्र १२. दोन एक्क्यांच्या फक्त तीन. म्हणजे आप्पांकडे एक्का-राणी असण्याची शक्यता एक्का-राजापेक्षाही जास्त होती. हे टेबलावर सुचायला वेळ लागतो. घरी वहीत रोज एक डाव असा मोजला की तीनेक महिन्यांत हात बसतो.

समोरासमोर बसल्यावर

पुस्तकात माणसं नसतात, टेबलावर असतात. आपल्या पाळीशिवाय बोलू नका, पाने टेबलाखाली नेऊ नका, आणि चिंचोके एकदाच पुढे सरकवा; आधी दहा ठेवून समोरच्याचं तोंड बघून मग आणखी दहा, हे चालत नाही. डाव सोडलेल्याने चालू डावावर तोंड उघडायचं नाही, नुसतं "अरे अरे" सुद्धा नाही. आमच्याकडे ही शिस्त लागायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आखाजीच्या पत्त्यांत मागे उभे असलेले चार जण सल्ले देणारच.

तोंडाकडे कमी आणि बोलीच्या आकाराकडे जास्त बघा. डाव सोडल्यावर मोबाइल काढायचा नाही, तीच शिकायची वेळ. कोण पहिल्या जागेवरून काय घेऊन शिरतो, कोण रिव्हरला मोठी बोली लावतो आणि शेवटी काय दाखवतो, हे मनात टिपत जा. चिंचोके ढकलताना हात थरथरला तर नवख्याला वाटतं हा थाप मारतोय. बहुतेक वेळा त्याच्याकडे खरंच भारी पाने असतात.

तीन तासांवर बसू नका. हाताने वाटत खेळलं तर तासाला पंचवीसेक डाव होतात, म्हणजे रात्रीत पंचाहत्तर. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा मिळतात. म्हणजे तीन रविवारांत एकदा. हातात जोडी १७ डावांत एकदा, आणि त्या जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर साडेआठ वेळांत एकदा. कोरड्या रात्री येणारच. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, रात्री नऊलाही गच्ची तापलेली असते, आणि तशात चार मोठे डाव लागोपाठ गेले की डोकं फिरतं. डोकं फिरल्याची माझी खूण मला सापडली आहे: मी पाने नीट न बघताच चिंचोके उचलायला लागतो. ती खूण दिसली की एक फेरी उठून माठातलं पाणी पितो. तुमची खूण वेगळी असेल, ती शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वही

शंभर पानी साधी वही. प्रत्येक रात्रीचे तीनच डाव, ज्यांत अडलो ते. जागा, दोन पाने, प्रत्येक फेरीचा पॉट, कोण किती बोललं, आणि त्या क्षणी मी काय विचार केला. निकाल शेवटी, वेगळ्या ओळीत, आणि निर्णय बरोबर की चूक ते ठरवून झाल्यावरच तो लिहायचा.

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे, कारण कापूस पिकवणाऱ्याला ते आधीच माहीत असतं. धूळपेरणी (पावसाआधीची कोरडी पेरणी) करणाऱ्या दोघांचं बघा. एकाने जमीन, ओलिताची सोय, बियाण्याचा खर्च बघून पेरली आणि पाऊस लांबला. दुसऱ्याने शेजारी पेरतो म्हणून पेरली आणि आठव्या दिवशी पाऊस पडला. गावात दुसऱ्याचं कौतुक होतं. पण पुढची दहा वर्षं वाट्याने जमीन द्यायची झाली तर जाणता माणूस पहिल्यालाच देतो.

महिन्यातून एकदा वह्या अदलाबदल करा. दुसऱ्याच्या चुका पटकन दिसतात, आणि आपली चूक दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेली वाचली की ती पुन्हा करताना हात थबकतो.

पहिल्या रविवारसाठी एवढं करा. दोन कॅट आणा, एक पिसला जात असताना दुसरा वाटता येतो. डीलर बटण म्हणून बाटलीचं झाकण चालेल. पहिले दहा डाव सगळ्यांनी पाने उघडी ठेवून खेळा, आणि आपल्या पाळीला प्रत्येकाने मोठ्याने सांगा: पॉटमध्ये किती, मला भरायचे किती, माझ्या कामाची पाने किती. अकराव्या डावापासून पाने झाका.